माडीवरचा निवेदनाचा वर्ग

"नमस्कार" पुरतं तोंडाबाहेर पडायच्या आत सरांचा हात वर जायचा. "थांब. कोणाला सांगतेयस?"

असे मास्तर तुम्हीही पाहिले असतील. शिकवतात जीव तोडून, सोडत मात्र नाहीत. जन्मभर रेडिओवर बातम्या वाचून सर निवृत्त झाले, महाडला परतले आणि घराच्या माडीवर त्यांनी निवेदनाचा वर्ग काढला. मी पोलादपूरहून एसटीने जायची. सर आमच्याकडे पाठ करून बसत, आमचं वाचन मोबाइलवर रेकॉर्ड करून घेत आणि एकच बातमी महिना महिना वाचायला लावत. बाकीचे कंटाळून एमआयडीसीत चिकटले. मी हटले नाही. मला रेडिओवर बोलायचं होतं, दुसरं काही नको होतं.

पुढे तालुक्यात छोटं रेडिओ केंद्र निघालं. त्यांनी सरांना विचारलं, तुमच्याकडे कोणी आहे का? सर म्हणाले, एक मुलगी आहे, पण अजून सहा महिने थांबा. केंद्रवाले कशाला थांबतात? नकला करणाऱ्या एकाने जागा पटकावली.

आई म्हणाली, "तुजा मास्तर तुला म्हातारी करनार गो. तुला सोडायचं त्याच्या मनातच नाय."

मी सरांशी भांडले. तेव्हा त्यांनी सांगितलं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी घाटातल्या अपघाताची बातमी त्यांनी घाईत वाचली आणि जखमींमधलं एक नाव मृतांमध्ये वाचलं गेलं. तो माणूस दोन दिवसांनी घरी आला. पण बातमी ऐकून अंथरूण धरलेली त्याची आई पुन्हा उठली नाही.

मला वाईट वाटलं. पण खरं सांगते, रागही आला. "चूक तुमची आणि शिक्षा मला का?" मी विचारलं. पुढच्याच आठवड्यात मी कंपनीत पॅकिंगला लागले. त्याला सहा वर्षं झाली.

गेल्या महिन्यात सर गेले. श्रद्धांजलीसाठी केंद्राला त्यांचा आवाज हवा होता, म्हणून सरांच्या बायकोने, काकूंनी, दिलेला त्यांचा मोबाइल घेऊन मी गेले. त्यात सगळी आमचीच वाचनं. सरांचं एकही नाही.

केंद्रातल्या मॅडमनी एक वाचन दोनदा ऐकलं. "या कोण? सोमवारपासून बोलवा यांना."

"मीच ती," मी म्हटलं.

"मग येताय ना?"

आणि काय सांगू, माझ्या तोंडून निघून गेलं, "माझी तयारी झालेली नाही हो."

स्वतःचा आला तितका राग मला सरांचाही कधी आला नव्हता.