दिवाळीच्या आत अंबाडा

डॉक्टरांनी माझा उजवा हात धरून वर नेला. तो खांद्याच्या रेषेपर्यंत जेमतेम गेला आणि अडकला. "दिवाली तक अपना जूड़ा ख़ुद बाँध लीजिए," ते म्हणाले, "नहीं तो बेहोश करके कंधा खोलना पड़ेगा." किती सहज म्हणाले! माझी आई एका साध्या ऑपरेशनला भूल घेऊन झोपली ती उठलीच नाही. तेव्हापासून भूल म्हटलं की मला घाम फुटतो.

फ्रोजन शोल्डर म्हणजे काय, हे ज्याला झालंय त्यालाच कळतं. झोपेत कूस बदलता येत नाही, ब्लाऊजची बाही चढवताना डोळ्यांपुढे काजवे चमकतात. बँकेत वरच्या खणातली फाईल काढायला मला शिपायाला हाक मारावी लागे. अंबाडा कॉलेजात जाणारी मुलगी घालून द्यायची, घाईघाईत, केस ओढत.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं होतं, आधी शेक, मग हलका मसाज, मग व्यायाम. मसाजसाठी शेजारणीनं एक चाची पाठवल्या. लखनौबाहेरच्या बख्शी का तालाबकडून टेंपोनं यायच्या, बाळंतिणींना मालिश करण्यात आयुष्य गेलेलं. हात चांगलेच दणकट. कोमट मोहरीचं तेल लावून खांद्यामागे अंगठा रुतवला की माझा जीव कासावीस व्हायचा. मधूनमधून त्या अदबीनं विचारायच्या, "तकलीफ़ तो नहीं हो रही, बहनजी?" आणि मी म्हणायची, "अरे नहीं, बिल्कुल नहीं."

काय करणार! इतकी वर्षं लखनौत काढून मी हीच एक गोष्ट पुरती शिकले होते. माझं माहेर साताऱ्याचं. तिथं पहिल्या घासाला भाजीत मीठ कमी आहे हे सांगून मोकळी होणारी माणसं. इथं आल्याआल्या तसंच बोलून दोनतीन घरं दुखावली, आणि मग मी जी जीभ आवरली ती आवरलीच. कुणी काही विचारलं की तोंडातून आपोआप गोडच निघायचं. चाचींना वाटे, दुखत नाही म्हणजे अजून जोर लावायला हवा. मलाही वाटे, एवढं दुखतंय म्हणजे गुण येत असणार. अमीनाबादेत दिवाळीची खरेदी सुरू झाली होती आणि मी दातओठ खाऊन सोसत होते.

हात वर जायच्याऐवजी खाली आला. फिजिओथेरपिस्ट बाईंनी पाठ पाहिली आणि त्या कडाडल्या, "ये नील कैसे पड़े? किसने इतना दबाया?" घरी आल्यावर ह्यांचा पारा चढला. "उद्यापासून त्या बाईला बंद कर. हात मोडून ठेवेल तुझा!" नेमक्या त्याच वेळी चाची तेलाची बाटली घेऊन दारात उभ्या. मराठी कळत नसलं तरी आवाज कळतोच. त्यांचा चेहरा उतरला.

मला स्वतःचाच संताप आला. त्यांनी दर वेळी विचारलं होतं, खोटं मी बोलले होते. तसं त्यांना सरळ सांगून टाकलं.

चाचींची अदब गेली चुलीत. "तो हम जानें कैसे, बहनजी? हमारे हाथ में कान लगे हैं क्या?"

ह्यांना हसू आवरेना. मला मात्र रडू आलं, कारण दिवाळी तोंडावर आली होती आणि आम्ही होतो त्याहून मागे गेलो होतो.

पाठीवरचे काळेनिळे डाग ओसरेपर्यंत चाचींनी नुसतं तेल चोळलं, तेही तळहातानं. त्यानंतर मी काही राखून ठेवलं नाही. दुखलं की "आई गं!" म्हणून अशी ओरडायची की वरच्या मजल्यावरच्या भाभी डोकावून जायच्या. मी ओरडले की चाचींचा हात थांबायचा, माझा श्वास खाली बसला की पुन्हा हलकेच सुरू. हात थोडा थोडा सुटत होता, पण पुरेसा सुटेल का, ह्या धास्तीनं मला जेवण जात नव्हतं.

नरकचतुर्दशीची पहाट उजाडली. आमच्याकडे त्या दिवशी मी सगळ्यांना तेल लावते, मला कुणी लावत नाही. ह्या वर्षी मुलीनं मलाच पाटावर बसवलं. तिचा हात खांद्यावर आला. "दुख रहा है, मम्मी?"

"हो, दुखतंय. हळू."

न्हाऊन आले तेव्हा ती कंगवा घेऊन उभी होती. मी म्हटलं, थांब जरा. डावा हात मानेमागे नेला, मग उजवा. कानापाशी तो अडला. मी ओरडले, थांबले, श्वास सोडला, पुन्हा उचलला. बोटांना ओले केस लागले. पीळ दिला, गुंडाळला, काटा खोचला.

मुलगी मागून बघत म्हणाली, "टेढ़ा है, मम्मी. लाओ, मैं ठीक कर दूँ."

"हात लावू नकोस," मी म्हटलं. "डॉक्टरांना हाच दाखवणार आहे."