उजवीकडचा धोटा

आधीच सांगून टाकते, असले अनुभव मी आजवर फक्त टिंगल करायला वाचत आले. माझं काम डेटाचं. कंपन्यांच्या सिस्टिममधल्या नोंदी अल्गोरिदमला द्यायच्या आणि तिथलं काम प्रत्यक्षात कसं चालतं त्याचा नकाशा काढायचा. त्याला पेट्री नेट म्हणतात. चौकोन म्हणजे कृती, गोल म्हणजे तिच्याआधी पूर्ण व्हायची अट. यात भुताला जागा कुठे?

मी नागपुरात मनीषनगरला राहते. बाबा उमरेडला, हातमागावर करवती काठाची लुगडी विणणारे. या विणीत दोन्ही काठांना आडवा धागा नेणारे वेगवेगळे धोटे लागतात, म्हणून मागावर दोघं बसतात. डावीकडे बाबा, उजवीकडे आई. चार वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून बाबा एकटेच इकडून तिकडे सरकत दोन्ही धोटे टाकत. त्यात हृदय अधू. डॉक्टरांनी मागाखालच्या, पाय सोडून बसायच्या खड्ड्यात उतरायला सक्त मनाई केली, पण ऐकतील तर शपथ! शेवटी तडजोड झाली — त्यांचं विणकाम मी धोट्यांना आणि पावडीला सेन्सर लावून नोंदवून ठेवायचं, मग माग विकायचा आणि त्यांनी माझ्याकडे यायचं.

पहिलंच नेट विचित्र आलं. एकटा माणूस काम करतो तेव्हा चौकोन एकामागे एक लागतात. इथे दोन फाटे फुटले होते. डावा धोटा अजून धावत असतानाच उजवा सुटलेला... आणि दोन्ही पोचल्याशिवाय पायाखालची पावडी दाबलीच जात नव्हती.

नॉइज असेल म्हणून मी फिल्टर लावून ते गाळून पाहिलं. मग सेन्सर बदलले, अल्गोरिदम बदलला. फाटे तसेच. शेजारच्या काकूंना फोन करून विचारलं, बाबांच्या मदतीला कोणी येतं का? म्हणाल्या, कोण येईल आता? मग एका रविवारी मी स्वतःच जाऊन दिवसभर मागावर उजवीकडे नुसती बघत बसले. त्या दिवशीचं नेट अगदी सरळ, एका ओळीत. जीव भांड्यात पडला.

बाबांना दोन्ही चित्रं समजावून सांगितली. त्यांना नवल वाटलंच नाही.

"मंग? एकट्या माणसाले करवती जमते का वं?"

"पण बाबा, मी होते त्या दिवशी तर तुम्ही एकटेच विणत होतात..."

"तू तिच्या जागेवर बसली होती ना. मंग तुही माय कुठं बसन?"

इतकं साधं बोलले ते! मी मात्र हादरले.

पुढच्याच आठवड्यात त्यांच्या छातीत दुखलं. मी त्यांना नागपूरला आणलं, घराला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. तिसऱ्या दिवशी ऑफिसात सहज नोंदी उघडल्या. सकाळी दहा वाजता, बाबांच्या मागावर बसायच्या वेळेला — उजवा धोटा. एकदाच. पुढे काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा दहाला, पुन्हा एकदाच.

सुट्टी टाकून उमरेडची एसटी पकडली. कुलूप जसंच्या तसं. खिडक्या बंद, मागावर धूळ. बाबांचा धोटा त्यांनी ठेवला होता तिथेच, आणि उजवा काठापाशी येऊन पडलेला. मी तो उचलून जागेवर ठेवला. पुन्हा कुलूप लावून नागपूरला परतले. दुसऱ्या दिवशी दहाला नोंदीत परत तेच.

उंदीर म्हणाल, बॅटरी म्हणाल, मीही म्हणून पाहिलं. पण उंदराला दहा वाजलेले कसे कळतात? एवढं मात्र कळतं की उजवा धोटा आपलं काम करतो आणि डाव्यासाठी थांबतो. ते नेट मीच तर काढलंय.

बाबा रोज विचारतात, "काहून वं, माग चूप आहे ना?"

मी म्हणते, "हो बाबा, एकदम चूप."

खरं सांगितलं तर ते पहिल्या एसटीने निघतील, आणि त्या खड्ड्यातून परत वर येणार नाहीत. माग एका हॉटेलवाल्याने शोभेला म्हणून घेतलाय, रविवारी टेम्पो येईल.

आज सकाळी दहाला नोंद आली. बाबा आता येणार नाहीत, हे आईला कसं सांगायचं ते मला कळेना. मी सेन्सर बंद केला.