मामींच्या दारावरची काच

गल्लीत त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. सगळे फुंकरमामा म्हणत. या माणसाने जन्मभर काचेवर वाळूची फुंकर मारली आणि त्या फुंकरीतून वेली, हरणं, बगळे, दवाखान्यांची नावं, असं काय काय उमटवलं. जोराच्या हवेबरोबर बारीक दाणा काचेवर आपटला की तिथली चमक जाते आणि काच दुधासारखी पांढरी, खरखरीत होते. जिथे पांढरं नको तिथे आधी चिकटकागद लावून ठेवायचा. सांगायला एवढंच आहे. करायला गेलं की घाम फुटतो.

शहरातल्या निम्म्या बड्या घरांच्या दारांवर मामांचा हात फिरला होता आणि स्वतःच्या दाराला मात्र साधी, कोरी काच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मामी लग्न झाल्यापासून मागे लागल्या होत्या, "आपल्या दारावर काहीतरी काढा की हो." मामा म्हणायचे, "काढू की. दार काय पळून चाललंय?" दार कुठे पळालं नाही, पण कारखाना बंद पडला. मालकाच्या मुलांनी जागा विकली, यंत्रं भंगारात गेली आणि मामा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले ते पडलेच. दाढी करा म्हणून आठवण करून द्यावी लागे. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे घरात बोलायला दोघंच, आणि त्यातल्या एकाने बोलणं सोडलेलं.

त्यातच मामींच्या डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. "काचवाल्याच्या बायकोला दुसरं काय होणार?" असं म्हणून त्या स्वतःच हसल्या, डॉक्टरही हसले. मामा हसले नाहीत. गेलेली नजर परत येत नाही, डॉक्टर म्हणाले, उरलेली टिकते तेवढी थेंब घालून टिकवायची. कडेकडेने अंधार येत जातो, मधे नळीतून पाहावं एवढं दिसत राहतं, आणि एखाद्या दिवशी तेही जातं. तो दिवस कधीचा, हे त्यांनाही सांगता येईना.

घरी येताना मामी रस्त्यातच थांबल्या. "मला आता दारावर चित्र पाहिजे," त्या म्हणाल्या. "दिसतंय तोवर. बगळेबिगळे नकोत. तुमचं काढा. सायकलवरून कामाला निघालेले."

"माझं? लोक म्हणतील, म्हाताऱ्याला चळ लागला."

"लोकांना काय करायचंय? बघायचंय ते मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा उठले, दाढी केली आणि टेप घेऊन मागच्या पत्र्याच्या खोलीत मापं घ्यायला लागले.

कारखान्यात या कामाला वेगळी खोली होती, खोलीएवढाच कॉम्प्रेसर होता आणि वीजबिल भरायला मालक होता. इथे त्यातलं काहीच नव्हतं. मामांनी कोंड्याचा मांडा करायचा ठरवला. प्लायवुडचं एक जुनं कपाट उताणं पाडलं, त्याला समोरून दोन भोकं पाडून कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घट्ट बसवले, वर बघायला काच लावली, आत बल्ब सोडला. दाराची काच कपाटापेक्षा लांब, म्हणून दोन्ही बाजूंना फटी कापल्या आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांचे पडदे लावले. काच इकडून तिकडे सरकायची आणि धूळ आतच राहायची. धूळ ओढायला भंगारातला व्हॅक्यूम क्लीनर जोडला. बाकी सगळ्यात काटकसर केली, पण धुळीच्या बाबतीत नाही. कारखान्यात शेजारच्या टेबलावर काम करणारा त्यांचा दोस्त साधी नदीची वाळू वापरायचा, तोंडाला काही बांधायचा नाही. शेवटी तो श्वासासाठी तडफडत गेला. मामांनी म्हणून वाळूऐवजी तपकिरी, कठीण दाणा विकत आणला आणि चाळून चाळून पुन्हा वापरला, मामींच्या पिठाच्या चाळणीने. मशीन चालू असताना मामींनी त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, असा हुकूमच होता.

राहिला कॉम्प्रेसर. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने नवा घेतला होता आणि जुना दुकानामागे पडून होता. मामा एका दुपारी त्याच्याकडे जाऊन बसले. घासाघीस झाली, दोनदा उठून जायचं नाटक झालं, तीनदा चहा झाला. शेवटी हातगाडीवर कॉम्प्रेसर घालून मामा नवरदेवाच्या थाटात गल्लीतून आले. मामी दाराशी खुर्चीवर बसून होत्या.

"आणलात?"

"आणला! कसा आहे?"

"झकास," मामी म्हणाल्या. "दमला असाल. चहा टाकते." आणि भिंतीला हात लावत त्या आत गेल्या.

कॉम्प्रेसर झकास वगैरे नव्हता. टायर फुगवणं वेगळं आणि काच कोरणं वेगळं. टाकी लहान, घडीभर फुंकर मारली की धाप लागायची आणि मग हवा भरेपर्यंत मामांनी हातमोज्यांत हात घालून तसंच उभं राहायचं. त्यातही हवेबरोबर पाणी यायचं, दाण्याचे गोळे व्हायचे, नळीचं तोंड तुंबायचं. इथे घोडं अडलं. पंक्चरवाला स्टुलावर बसून उंटावरून शेळ्या हाकत होता, त्याच्या सल्ल्याने दोन पाइप फुटले. मग मामांनीच तांब्याच्या नळीचं वेटोळं करून गार पाण्याच्या बादलीत बुडवलं आणि खाली बाटली अडकवली. पाणी बाटलीत साचायला लागलं, हवा कोरडी आली.

पहिली काच फटीतून सरकवताना तडकली. दुसरीवर सायकलच्या चाकाच्या तारा कोरताना चिकटकागद उचलला गेला आणि चाकाची भाकरी झाली. एरवी मामा अशा वेळी शिव्या घालून मोकळे झाले असते. आता त्यांना नुसती भीती वाटायची. उद्या सकाळी उठून ती म्हणाली, की दिसत नाही, तर? जेवताना ते तिच्या डोळ्यांकडे बघत राहायचे आणि ती विचारायची, "काय हो, गप्प का?"

चाकाच्या तारा जमेपर्यंत मामांनी काचेचे तुकडे घेऊन सराव केला. संध्याकाळी चहाबरोबर ते तुकडे मामींच्या हातात द्यायचे. मामी त्यावरून अंगठा फिरवत. मामा ओरडत, "अगं, डाग पडतो!" कारण खरखरीत काचेवर हाताचं तेल बसलं की निघत नाही. मामी काही ऐकत नसत.

"इथे फिकट झालंय," एकदा त्या म्हणाल्या. "या दोन तारांच्या मधे."

मामांनी तुकडा उजेडात धरला. खरंच फिकट होतं. त्यांना इतका आनंद झाला, की तसेच उठून पंक्चरवाल्याला सांगायला गेले. "माझ्या नजरेतून सुटलं आणि तिने पकडलं! अजून शाबूत आहे बघ नजर. होतंय माझं वेळेत."

तिसरी काच साधली. टोपी, पाठीवर ताणलेला सदरा, कॅरियरला लावलेला डबा, आणि तारा अशा, की चाक आत्ता फिरेल. मामांनी चिकटकागद सोलला, काच धुतली, पुसली आणि आयुष्यात स्वतःच्या कामाकडे पहिल्यांदाच बघत बसले. मग ती दाराला बसवली, पट्ट्या ठोकल्या, आणि हाक मारली, "ये गं! झालं!"

मामी आल्या. दारासमोर उभ्या राहिल्या. दुपारचं ऊन काचेतून आत येत होतं आणि सायकलवाला पांढराशुभ्र उठून दिसत होता. मामींनी हात पुढे केला आणि काचेवर ठेवला.

आता, या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात ती गोष्ट अशी, की चित्र काचेच्या मागच्या बाजूने, उलटं कोरायचं. ज्या बाजूने माणूस बघणार ती बाजू गुळगुळीत राहिली पाहिजे, म्हणजे डाग पडत नाही, पुसायला सोपं जातं. सरावाच्या तुकड्यांना मागचं-पुढचं नव्हतं. पण ही खरी काच होती, आणि मामांच्या हातांनी न विचारता जन्मभर केलं तेच केलं होतं. खरखरीत बाजू दाराबाहेर होती.

मामींचा हात काचेवरून फिरला. वर गेला, खाली आला. कडेपर्यंत जाऊन परत आला. बोटं चित्र शोधत होती. सायकलवाल्याच्या पाठीवरून, डब्यावरून, चाकावरून ती बोटं गेली आणि कुठेच थांबली नाहीत.

"छान," मामी म्हणाल्या. हात अजून फिरतच होता. "छान झालंय हो. फार छान."

"कधीपासून?" मामांनी विचारलं.

मामींनी हात खाली घेतला. "तुम्ही कॉम्प्रेसर आणायला गेला होतात ना," त्या म्हणाल्या, "त्या दुपारी. डाळ निवडत होते. आधी वाटलं, वीज गेली. मग म्हटलं, दुपारची कसली वीज?"

"एकटी होतीस."

"होते की. भिंत धरून दारापर्यंत आले, खुर्चीत बसले. म्हटलं, तुम्ही आलात की सांगू. आणि तुम्ही आलात ते गाणं म्हणत."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? परत भिंतीकडे तोंड करून पडला असता. मला ते नाही बघवत." मग त्यांनाच आपल्या शब्दाचं हसू आलं आणि ते हसू पूर्ण झालं नाही.

इतके दिवस मामांना वाटत होतं, की आपण तिच्यासाठी राबतोय. तिचा शेवटचा उजेड गेला तेव्हा ते पंक्चरवाल्याकडे तिसरा चहा पीत होते, आणि त्यानंतर रोज ती अंधारात चाचपडत त्यांच्या कामाचं कौतुक करत होती. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही तिची दया आली, आणि दया आलेली तिला चालणार नाही हेही कळलं. त्यांनी तिचा दंड धरला, दार उघडलं आणि तिला बाहेर नेऊन काचेच्या दुसऱ्या बाजूसमोर उभं केलं. तिचा हात उचलून चाकावर ठेवला.

आता बोटं थांबली. एक एक तार मोजल्यासारखी सावकाश पुढे गेली. डबा सापडला, डब्याची कडी सापडली, सदऱ्याची घडी, मग टोपी. टोपीच्या खाली बोटं रेंगाळली, पुन्हा पुन्हा तिथेच आली.

"तोंड कुठाय?"

"पाठमोरा आहे. तू दारातून पाठच बघायचीस ना रोज."

"कोपऱ्यावर वळून बघायचात तुम्ही," मामी म्हणाल्या. "पंक्चरवाल्याच्या दुकानापाशी. एक दिवस चुकला नाही. मी त्यासाठीच तर थांबायची."

मामांना हे आठवेना. आपण वळून बघायचो? रोज? असेल. ती म्हणते म्हणजे असेलच.

"दुसरी घेतो," ते म्हणाले. "तोंड दिसेल अशी. खरखरीत बाजू आतून ठेवतो, मग पडू दे किती डाग पडायचे ते. उद्याच जाऊन काच आणतो."

"आणा," मामी म्हणाल्या. त्यांचा हात अजून टोपीखालच्या कोऱ्या जागेवर होता. मग त्यांनी दुसऱ्या हाताने मामांची बाही चाचपडत शोधली आणि घट्ट धरली.

"पण मला बरोबर न्या. त्या दिवसापासून घरात एकटीने बसायची मला भीती वाटते हो."