मागचा टायर बसला त्या दिवशी

आमच्या वस्तीवर ट्रॅक्टरातलं माझ्याइतकं कुणालाच कळत नाय. खरं सांगायचं तं वस्तीवर सध्या मी एकटाच राहतो.

दोन घरं व्हती. चुलतभावानं पाचोडला घर बांधलं, तो तिकडं गेला. पोरगा संभाजीनगरात कंपनीत, पडेगावला भाड्याच्या खोलीत. त्याला लेकरू झालं, सून बी कामाला जाती, म्हणून आमची मंडळी लेकरू सांभाळायला गेली. महिन्यासाठी म्हणून गेली, आता तिसरा लागला. जाताना म्हणली, "रान सरकी लावायला तयार झालं की फोन करा, मी येते." आमच्यात सरकीचं पहिलं बी घरच्या बाईच्या हातानं टाकायची रीत हाय. त्यामुळं नवरदेव मांडवाकडं पाहतो तसा मी रानाकडं पाहत व्हतो.

मशागतीचा शेवटचा तुकडा राहिला व्हता, अर्ध्या तासाचं काम. तेवढ्यात ट्रॅक्टर एका अंगाला कलला. मला वाटलं मीच कललो, सकाळपासून पोटात नुसता चहा व्हता. उतरून पाहतो तं मागचा टायर बसलेला. टायर आधीच माझ्या टकलासारखा गुळगुळीत, त्यात बाभळीचा काटा.

पाचोडच्या पंक्चरवाल्या मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणला, "आतौं काका, दो घंटे लगते. तब तक तुम कुछ नक्को करो."

असं कुणी म्हणलं की माझ्या हाताला खाज सुटती. म्हणलं, तो येईस्तोवर जॅक तरी लावून ठेवू. पण रान भुसभुशीत, जॅक मातीत घुसतो, खाली जाड फळी पाहिजे. फळी काय सापडंना. घरात गेलो तं चुलीपाशी काठवट दिसली, भाकरी थापायची. चांगली जाड, लाकडाची. मंडळी गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. मी आपला चहा-पाव, नायतं मुरमुरे. काठवटीत कोळ्यानं जाळं केलं व्हतं. त्याला म्हणलं, "सरक बाबा, तू बी एकटाच का?" तो तुरुतुरु चुलीमागं गेला.

काठवट पालथी घालून वर जॅक ठेवला, चाक उचललं. इथंच थांबलो असतो तं शहाणा ठरलो असतो. पण म्हणलं, राहिलेली हवा बी सोडून देऊ, मिस्त्रीचं काम हलकं. चाकापाशी बसून ट्यूबचा वाल काढला. अन् पाण्याची अशी पिचकारी तोंडावर आली की मी उताणाच पडलो.

ज्याला ट्रॅक्टर माहीत नाय त्याला सांगतो. मागचं चाक घसरू नाय म्हणून वजनाला टायरात पाणी भरतात. वाल काढायचा तं आधी चाक फिरवून वाल वरच्या अंगाला आणायचा, मग नुसती हवा निघती. शेंबडं पोरगं बी हे जाणतं. अन् ते पाणी गेल्या साली भरलं कुणी? मीच. ह्याच हातानं.

पाणी थांबंना. जॅकखाली चिखल झाला, जॅक कलंडला, काठवट कडकन फुटून दोन तुकडे, अन् ट्रॅक्टर पुन्हा खाली. कुणी पाहिलं असतं तं पाचोडच्या बाजारात वर्षभर सांगितलं असतं. पण पाहायला कुणी नव्हतं. मी चिखलातच बसून राहिलो. मग हसू आलं, मोठ्यानं हसलो. पण मोकळ्या रानात एकट्याचं हसणं लई येगळं ऐकू येतं. आपलंच आपल्याला भ्या वाटतं. गप झालो.

मिस्त्री आला, गाडीवर छोटं हवेचं मशीन बांधून. चिखलाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"क्या काका, धान लगा रे क्या?"

"नाय रे, म्हशी बसवायच्यात. पहिलं मीच बसून पाहिलं."

तो हसला नाय. त्यानं बांधावरचे दोन सपाट दगड आणून जॅकखाली दिले, घण मारून टायरची कड सोडवली, ट्यूब ओढून काढली. मी शेजारी बसून तोंड चालवायला लागलो. दोन महिन्यांत एवढा येळ कुणी माझ्यापाशी बसलं नव्हतं. नातवाचं सांगितलं, रीतीचं सांगितलं. म्हणलं, "आज टायर झाला की रान झालं. रान झालं की ती येती. घर खायला उठतं रे मिस्त्री. राती रेडिओ चालू ठेवून झोपतो, कुणी बोलत असल्यावानी वाटतं." मधी मधी चुटके बी सोडले. तो नुसता "हौ काका, हौ काका" करत ट्यूब घासत व्हता, चिकटवत व्हता.

टायर फुगला. म्हणला, "चला के देखो." मी राहिलेला तुकडा उरकून आलो. टायर टिकतो का पाहायला तो थांबला व्हता, आता पाइप गुंडाळत व्हता. बसल्या बसल्या मंडळीला फोन लावला. कानात चिखल, म्हणून स्पीकर चालू केला.

"काय वं, दुपारीच फोन?"

"अगं, आज आंघोळ केली. ट्रॅक्टरच्या टायरातल्या पाण्यानं." सगळी गंमत सांगितली, काठवट सोडून. ती लई हसली. मला बी जोर चढला.

"जेवलात का?"

"जेवलो की, पोट फुटायला आलंय."

"अन् रान?"

"झालं. चकाचक."

ती म्हणली, "आवं, सूनबाईला सुट्टी भेटंना. पण तुमी म्हणत असाल तं येते मी. का बरं चाललंय तुमचं?"

"बरं? राजावानी चाललंय! तू नसली तं कटकट नाय. सरकी बी मोकळेपणानं उगवल."

ती हसली, पण मघासारखी नाय. म्हणली, "मग राहते अजून महिनाभर. पहिलं बी टाका तुमीच." मागं लेकरू रडायला लागलं. फोन ठेवला तिनं.

मी ट्रॅक्टरवरच बसून राहिलो. मिस्त्रीनं मशीनची दोरी आवळली, गाडीला किक मारली अन् माझ्याकडं न पाहताच बोलला.

"दो घंटे मेरे कने रोए काका, चाची कू आना, चाची कू आना. उनो खुद पूछे तो जोक सुना दिए. एक नंबर के बेवकूफ हैं तुम."