मावशीच्या अंगणातली केबिन

लग्नानंतर आम्ही लालबाग सोडून मीरा रोडला आलो ते भाड्याच्या घरात. अकरा महिन्यांचा करार संपला की मालक एकतर भाडं वाढवायचा, नाहीतर घर रिकामं करायला सांगायचा. तिसऱ्यांदा बिऱ्हाड हलवलं तेव्हा मी अर्धी भांडी खोक्यांतून बाहेरच काढली नाहीत.

दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. नवरा एका कंत्राटदाराकडे ऑफिसात होता. त्याचं काशीगावजवळचं काम संपलं आणि साइटवरची केबिन भंगारात निघाली. पत्र्याच्या दुहेरी भिंती, मध्ये थर्माकोल, एक दार, दोन खिडक्या. नट-बोल्ट काढले की सगळी सुटी व्हायची. नवऱ्याने ती मागून घेतली आणि घरी येऊन शांतपणे म्हणाला, "घर मिळालंय. आता जागा बघूया."

मला थट्टा वाटली. पण दुसऱ्या दिवशी आमच्या बिल्डिंगखाली मासे विकणाऱ्या मावशीला मी हसत हसत ते सांगितलं, तर ती हसली नाही. ती पाली या समुद्रकाठच्या कोळीवाड्यातली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा बोटीवर. आठ-आठ दिवस घरी एकटीच असायची. बोंबील साफ करताना मान वर न करता ती म्हणाली, "माझ्या घरामागं अंगण हाय. ठेव तिथं तुझा डबा. मला बी सोबत व्हईल."

पालीच्या गल्लीत टेम्पो शिरत नाही. मावशीच्या मुलाने आणि त्याच्या दोस्तांनी केबिनच्या भिंती एकेक करून खांद्यावरून आत नेल्या. संध्याकाळपर्यंत अंगणात आमचं घर उभं राहिलं. परवानगीचं कोणाच्या मनातही आलं नाही. पाया खणला नाही, विटा रचल्या नाहीत, मग बांधकाम कसलं, असं आम्ही धरून चाललो. फक्त दारापुढे चिखल होऊ नये म्हणून मावशीच्या मुलाने सिमेंटचा एक ओटा करून दिला.

दुपारी ती केबिन तव्यासारखी तापायची. आम्ही छपरावर झावळ्या टाकल्या, त्याने थोडं बरं झालं. आंघोळीला, पाण्याला मावशीच्या घरात जायचं. सुट्टीच्या दिवशी ती मला मासे सुकवायला बसवायची आणि मी कसे चुकीचे पसरतेय ते शेजारणींना सांगायची. मी इतकी निवांत लग्नानंतर प्रथमच झाले होते.

वर्ष होत आलं असेल, तेव्हा महापालिकेची माणसं आली. त्यांनी केबिनचे फोटो काढले आणि अनधिकृत बांधकामाची नोटीस दिली. ती मावशीच्या नावावर होती, कारण जागा तिची. आमचं घर गेलं असतं तर आम्ही पुन्हा भाड्याने राहिलो असतो. पण मावशीचं सासऱ्यापासूनचं घर आमच्यापायी अडचणीत आलं तर? त्या दिवशी मला तिच्याकडे पाण्याला जायचीही लाज वाटली. तीच कळशी भरून घेऊन आली, दारात ठेवली आणि काही न बोलता गेली. ती रागावलीय की घाबरलीय, मला कळेना.

आम्ही दोघांनी रजा काढली आणि वॉर्ड ऑफिसात गेलो. तिथल्या इंजिनीअरने आमचं सगळं ऐकून घेतलं. पाया नसला तरी परवानगी लागतेच, आणि समुद्राच्या इतक्या जवळ राहण्यासाठी ती मिळणारच नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं. नवऱ्याने विचारलं, मावशीच्या घराचं काय होईल? ते जागेवर येऊन बघतो, इंजिनीअर म्हणाला.

तो आला तेव्हा मावशीने नवीन लुगडं नेसलं होतं. त्याने आधी तिच्या घराची जुनी घरपट्टी बघितली, मग अंगणात आला, केबिनभोवती फिरला, ती ज्या दगडांवर टेकवली होती ते वाकून बघितले. ओटा तोडावा लागेल, म्हणाला. मग मावशीला विचारलं, "आजी, एवढं मोठं घर आहे तुमचं. यांना घरातच का नाही ठेवत?"

"जागा कुठाय? मागची खोली जाळ्यांनी भरलीय."

"आणि ही केबिन रिकामी झाली तर जाळी इथे नाही का ठेवता येणार?"

मावशीने त्या खोलीच्या दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. इंजिनीअर म्हणाला, "मच्छीमारांना जाळी ठेवायला तात्पुरती शेड मिळू शकते. अर्ज करा, मी वर पाठवतो. माणसं मात्र आत राहतील. त्या घराबद्दल आमचं काही म्हणणं नाही."

मी तिथेच अंगणात खाली बसले. मावशी माझ्याजवळ आली आणि डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "मी चार दिस देवाला सांगत व्हते, माझ्या पोरीला हाकलू नको. तू माझ्याशी बोलत न्हवतीस, मला वाटलं तू सोडून चाललीस."

म्हणजे मी तिच्यासाठी घाबरले होते आणि ती माझ्यासाठी.

ओटा नवऱ्याने स्वतः फोडला. रविवारी जाळी केबिनमध्ये गेली आणि आमचा पलंग खोलीत आला. काही आठवड्यांनी शेडची परवानगीही हातात पडली. खोलीच्या भिंती जाड होत्या, वर कौलं होती. पलंग आत आला त्याच दुपारी मी दार लावून झोपले आणि थेट दिवेलागणीला उठले. बाहेर मावशी कोणाला तरी सांगत होती, हळू बोल, पोरगी झोपलीय.

भाईंदरला स्वतःचं घर होईपर्यंत आम्ही तिथेच राहिलो. मासळीचा वास खोलीतून शेवटपर्यंत गेला नाही. मुलीचं बारसंही तिथेच झालं. पाहुण्यांना वास येऊ नये म्हणून मावशीने सकाळपासून धूप जाळला, आणि दुपारी त्याच पाहुण्यांच्या पानात आग्रह करकरून सुकटीची चटणी वाढली.