बिनकानाचा कप

डायरेक्टरने नवाकोरा कप टेबलाच्या कडेवर आपटला. कपाचा कान तुटला. तो माझ्यापुढे धरून म्हणाला, "ले जी, अब लगा ना तेरी मम्मी का कप!"

रिहर्सलला बसलेले सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

मोहालीतल्या स्टुडिओत टीव्हीच्या कॉमेडी शोची रिहर्सल होती ती. मी तिथे नवी. नव्या कलाकाराने पहिल्या वाचनाला घरची एक गोष्ट सांगायची, लेखक त्यातून स्किट काढणार, अशी तिथली रीत. बाकीचे नवे हुशार. कुणी मामाचं घोरणं सांगितलं, कुणी वडिलांची स्कूटर, आणि सुटले. मी मूर्ख. खरं सांगून बसले.

आम्ही अकोल्याकडचे. वडील इथून जवळच्या लष्करी कॅन्टोन्मेंटमध्ये सफाई कामगार होते. आई एका मराठी अधिकाऱ्याच्या बंगल्यात संडास धुवायची. परमुलखात आपली भाषा बोलणारी बाई भेटली म्हणून आई हरखून गेली होती. त्या बाईने मराठीतच आडनाव विचारलं. मग मराठीतच सांगितलं, "तुझा कप मागच्या भिंतीवर पालथा ठेवत जा." कान तुटलेला कप. शिवाशिव नको म्हणून बाई वरून चहा ओतायची. आई पदर बोटांना गुंडाळून तो कढत कप धरायची. पंधरा वर्षं.

मला वाटलं, हे ऐकून सगळे गप्प होतील. लेखकाने मांडीवर थाप मारली. "सोना है, सोना!"

स्किट ठरलं. साडी नेसलेला शोचा स्टार हातभर उंचावरून चहा ओतणार, कामवालीला चटका बसणार, ती नाचणार. कामवाली मी. नाही म्हटलं तर सीझनचा करार जाणार होता. मोहालीजवळच्या खरड गावात भाड्याच्या खोलीत राहून तीन वर्षं ऑडिशनच्या रांगा लावल्या होत्या. अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी धरले.

रेकॉर्डिंगला आई आली, पहिल्या रांगेत बसली. स्किट कशावर आहे ते तिला सांगायची माझी छाती झाली नाही.

चहा ओतला गेला. मी नाचले. खाली उभ्या माणसाने हात वर केला आणि प्रेक्षक ठरल्याप्रमाणे हसले. मी आईकडे पाहिलं. शेजारचे हसत होते म्हणून तीही हसत होती. पण मांडीवर तिची बोटं आपोआप पदरात गुंडाळली गेली होती.

मी थांबले. कप खाली ठेवला.

"कट! क्या हुआ, यार? तेरे ही घर की बात है."

"इसीलिए नहीं करूँगी."

"बाहर लड़कियों की लाइन लगी है."

मी माइक काढून डायरेक्टरच्या हातात दिला. कप उचलला आणि आईला घेऊन बाहेर पडले.

स्किट झालंच. त्यांनी दुसरा कप फोडला, दुसरी मुलगी नाचवली. ते इतकं गाजलं की खरडच्या बाजारात पोरं तो नाच करून दाखवतात. माझा करार गेला. आता कुणी माझा फोन उचलत नाही. आई रोज म्हणते, "जाय पोरी, माफी मांग. पंधरा वर्सं पेली मी त्या कपातून. मेली का?"

कधी कधी वाटतं, जावं. खरंच वाटतं. हात जोडावेत आणि नाचावं. मग फळीवरचा तो कप दिसतो.

मी जाणार नाही. गोष्ट आमची आहे, ती मीच सांगणार. स्टेज नाही मिळालं तर बाजारात उभी राहून सांगेन. त्या बाईचा गोड मराठी आवाज मी काढणार. तिचा उंच धरलेला हात मी दाखवणार. आईला पुन्हा पहिल्या रांगेत बसवणार. आणि या खेपेला हसं होईल ते चहा ओतणारीचं.