सेनिबुआ हाऊसचं जेवणाचं बोलावणं

दूर समुद्रातल्या बेटावरच्या सुवा शहरात बंदराकडून वर चढणाऱ्या रस्त्यावर सेनिबुआ हाऊस नावाची सहा मजली इमारत आहे. तिथे दोनशे बारा माणसं कामाला, आणि त्यांना जळून मरण्यापासून वाचवायची जबाबदारी एकट्या सिकेलीवर. कागदोपत्री त्याचा हुद्दा समन्वयकाचा होता. म्हणजे आगीची घंटा एका कंपनीची, दारांची कुलपं दुसऱ्या कंपनीची आणि दोघांच्या शिव्या खायच्या सिकेलीने.

घंटावाले म्हणत, आग लागली की सगळी दारं आपोआप उघडली पाहिजेत. कुलूपवाले म्हणत, मग चोर आधी घंटा वाजवेल आणि मागून आरामात आत शिरेल. पहारेकऱ्यांचा मुख्य हिरदेश हा कुलूपवाल्यांच्या बाजूचा. तो सिकेलीला रोज विचारायचा, "भाई, तुला माणसं वाचवायची आहेत की चोरांची सोय करायची आहे?"

"चोर जळून मेला तरी चौकशी माझीच होणार ना?" सिकेली म्हणायचा.

तीन वर्षं डोकेफोड केल्यावर दारांना अक्कल आली. घंटा झाली की कार्डाची दारं सुटायची, लिफ्ट गुमान तळमजल्यावर येऊन उभी राहायची, जिन्यातले दिवे लागायचे. यंत्रांनी एकमेकांचं ऐकायला सुरुवात केली. आता राहिली होती फक्त माणसं.

माणसांना घंटेची सवय झाली होती, जशी गावाला भुंकणाऱ्या कुत्र्याची होते. वर्षातून एकदा सराव व्हायचा. घंटा कानठळ्या बसवायची आणि लोक म्हणायचे, सिकेली वाजवतोय. मग चहा संपवायचा, छत्री शोधायची, कोणाला तरी फोन करून सांगायचं की आमच्याकडे घंटा वाजतेय. तिसऱ्या मजल्यावर विमा कंपनीत अंबिका वती नावाची जुनी कारकून होती. ती दर वर्षी म्हणायची, "एवढं पत्र टाइप करते आणि आलेच." ती आली की तिच्या काखेत मोठी काळी पर्स असायची, कारण पर्स शोधल्याशिवाय ती जागची हलत नसे. नियमाने आठ मिनिटांत इमारत रिकामी व्हायला हवी. सेनिबुआ हाऊसचा आजवरचा विक्रम तेवीस मिनिटांचा होता.

सिकेलीला त्या पर्सची धास्ती होती. तरुणपणी तो अग्निशामक दलात होता, तेव्हा एका जळत्या दुकानातून त्याने एका बाईला उचलून आणलं होतं. ती आधीच सुखरूप बाहेर पडली होती, पण पर्स राहिली म्हणून परत आत गेली होती. पर्स शाबूत होती. बाई नव्हती. त्या दिवसाबद्दल तो कोणाशी बोलत नसे. पण घंटा वाजत असताना जिन्यात गप्पा मारत उभी राहिलेली माणसं पाहिली की त्याला ती शाबूत पर्स दिसायची.

त्या वर्षी मालकाने त्याला बोलावून सांगितलं, "सिकेली, यंदा प्रमाणपत्र मिळालं नाही तर हे काम ऑकलंडच्या कंपनीला देणार. ते तिथून पडद्यावर सगळं बघतात." म्हणजे लोक चहा पिताना ऑकलंडहूनही दिसणार होते. फरक पडणार होता तो एवढाच.

सिकेली तोंड पाडून घरी आला. त्याची बायको वासिती दाराशी बसून जेवत होती आणि तिथल्या रीतीप्रमाणे रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारत होती, "या, जेवायला या." रीतीप्रमाणेच जाणारे म्हणत होते, "झालंय आमचं, चालू द्या." तिकडे बोलावलं नाही तर माणूस हलकट ठरतो, आणि बोलावल्याबरोबर बसला तर अधाशी. सगळा व्यवहार तोंडीच मिटतो.

"माझ्या घंटेचं हेच झालंय," सिकेली म्हणाला. "मी या म्हणतो, ते चालू द्या म्हणतात."

"जोनेच्या बाबा, मागच्या रविवारी शेजाऱ्यांनी लोवो लावला तेव्हा किती जणांनी नाही म्हटलं?" वासितीने विचारलं. लोवो म्हणजे जमिनीतली भट्टी. तापलेल्या दगडांवर पानांत गुंडाळलेलं मांस आणि कंद ठेवून वर माती लोटायची. "एकाने तरी? नुसत्या हाकेवर कोण येतं? नाकाला वास लागावा लागतो."

सरावाच्या दिवशी पहाटेच सिकेलीने इमारतीमागच्या गवतावर, आग लागली की जिथे जमायचं त्या पाटीखालीच, खड्डा खणला. सासुरवाडीकडे डुक्कर आणि कोंबड्या मागितल्या. मागितल्यावर नाही म्हणायची तिथे पद्धत नाही, आणि या कामासाठी ती पद्धत त्याला फार आवडली. हिरदेशने बोकडाचा रस्सा करून आणला, पण तोंड सोडलंच. "भाई, आग लागू नये म्हणून पगार घेतोस आणि अंगणात आगच पेटवतोस? आता तुझी घंटा धुरानेच वाजेल."

"मागच्या बाजूचे धूर ओळखणारे डबे बंद केलेत. जेवण झालं की चालू करेन."

"आणि विसरलास तर?"

"म्हणूनच तुला सांगून ठेवतोय."

बारा वाजता माती बाजूला केली. वाफ वर गेली, वास सहाव्या मजल्यापर्यंत पोहोचला, आणि सिकेलीने घंटा वाजवली. पाच मिनिटं चाळीस सेकंदांत इमारत रिकामी झाली. अंबिका तिसरी खाली उतरली. पत्र अर्धं, पर्स वरच, हातात स्वतःची स्टीलची ताटली. प्रमाणपत्र देणाऱ्या तपासनिसाने घड्याळ दोनदा झटकून पाहिलं, दोन वेळा वाढून घेतलं आणि कागदावर 'अनुकरणीय' असा शेरा मारला. संध्याकाळी हिरदेशने डबे चालू झालेत की नाही ते दोनदा विचारलं.

सिकेलीची नोकरी वाचली, पण मन खात राहिलं. आगीला भ्यायचं शिकवायला गेला आणि डुकराच्या मांसाला धावायचं शिकवून आला. पगार घेऊन हेच केलं का आपण? त्याने वासितीला बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, "पाय चालले ना? मग झालं."

सात महिन्यांनी, दुपारी तीनच्या सुमाराला, तळमजल्यावरच्या गालिच्यांच्या दुकानाच्या गोदामात खरोखर आग लागली. घंटा झाली, दारं सुटली, लिफ्ट खाली गेली. यंत्रांनी आपलं काम चोख केलं. सिकेली सहाव्या मजल्यावर होता. घंटेच्या पॅनेलला जोडलेल्या फोनवर त्याला गोदामाचं नाव कळलं. तो दारोदार हाका देत मागच्या जिन्याने धावत सुटला.

जिना भरलेला होता. लोक ताटल्या घेऊन उतरत होते.

"तीन वाजता कसलं जेवण?" एकाने विचारलं.

"चहाबरोबर काहीतरी असेल."

तिसऱ्या मजल्याच्या दारात अंबिका मागे वळत होती. "सिकेली, खरी घंटा आहे का रे? थांब, खरी असेल तर पर्स घेऊन येते."

खरी आहे, असं सांगणं हे सिकेलीचं कर्तव्य होतं. नियमात तसं लिहिलेलं होतं, आणि तो नियम त्याने स्वतःच भिंतीवर लावला होता. त्याने तोंड उघडलं.

"या, जेवायला या," तो ओरडला. "लवकर या, संपत आलंय."

अंबिका पर्स विसरली.

चार मिनिटं दहा सेकंद. दोनशे बारा माणसं गवतावर ताटल्या घेऊन रांगेत उभी राहिली, आणि इमारतीच्या पुढच्या बाजूने धूर आला तेव्हा दोघातिघांनी कौतुकाने मान डोलावली. मग तो काळा झाला. मग बंबांचे आवाज आले. ताटल्या खाली आल्या. हिरदेशने तीनदा डोकी मोजली, तिन्ही वेळा दोनशे बारा भरली, तरी तो चौथ्यांदा मोजू लागला.

आग तासाभरात विझली, पण मधला जिना आणि तिसऱ्यापर्यंतचे मजले काळेठिक्कर पडले होते. अंबिका रिकामी ताटली घेऊन सिकेलीपुढे येऊन उभी राहिली.

"जेवण नव्हतंच ना?" ती म्हणाली.

"नव्हतं."

"माझी पर्स वर जळली. तुझ्यामुळे."

सिकेली मटकन गवतावर बसला आणि लहान मुलासारखा हमसून हमसून रडू लागला. जेवायला बोलावून उपाशी ठेवणं हा सिकेलीच्या लोकांत केवढा मोठा दोष, हे अंबिकाला माहीत होतं. बिचाऱ्याला लाज वाटत असणार असं समजून ती त्याच्या शेजारी बसली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

"उगी, उगी," ती म्हणाली. "एवढं काय मनाला लावून घ्यायचं. पुढच्या आगीला घाल जेवायला."